भरलेलं घमेलं

बेटा,

तुझा मेसेज वाचला. नागपुरातल्या बेसाच्या बांधकाम साईटवरची मजूर बाई दीड वर्षाच्या पोराला मारते, तिला समजावून सांगू का, म्हणतेस. नको सांगू, निदान आत्ता तरी.

मी या कामात नवी असताना वर्धा रोडच्या एका साईटवर छत्तीसगढच्या राजनांदगावकडची अशीच एक जण गाठली होती. पोट्टं सारखं बिस्किटं खातं म्हणून तिला पोषणावर चांगलं पंधरा मिनिटं ऐकवलं. निघताना लक्षात आलं, तिच्या डोक्यावरचं भरलेलं घमेलं तसंच होतं! अजून लाज वाटते.

गावी सासू, जाऊ, शेजारीण. पोर कोणाच्याही कडेवर वाढतं. इथे दोन खांबांना साडीची झोळी, खाली सळ्या, आणि झोका द्यायला सात वर्षांची थोरली. तिची शाळा तिथेच संपते. त्यात वरून मुकादमाच्या हाका. हात उठतो तो त्यातून. पहिल्या भेटीत एवढंच विचार, "लइका ला कोन देखथे?" म्हणजे, पोराला कोण बघतं? मोडकं छत्तीसगढी ऐकून हसतील. हसू दे.

साईटवर ५० हून जास्त बायका असतील तर पाळणाघर हवं, असं १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात होतं; २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. पण तेव्हाही ठेकेदार त्याच बायका चार ठेकेदारांच्या नावावर वाटून द्यायचा, मग हजेरीपटावर ५० भरायच्याच नाहीत. त्याच्याशी भांड जरूर, पण त्याच्या भरवशावर बसू नको. अंगणवाडीत "ह्या आमच्या यादीतल्या नाहीत" म्हणतील. बाहेरून आलेल्या बाईचं नाव पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर, इकडे घेता येतं, आणि पोराचं आधार नसलं तरी आईच्या आधारवर भागतं, हे शांतपणे सांग. मात्र अंगणवाडी दुपारी बंद होते आणि काम सहापर्यंत चालतं. म्हणून पालना योजनेचं केंद्र जवळपास आहे का, ते अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेला विचार. तिथे ६ महिने ते ६ वर्षांची पोरं दिवसभर सांभाळतात.

बाई रात्र रात्र जागी असेल, जेवत नसेल, पोराकडे बघतही नसेल, तर तो नुसता थकवा नव्हे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ तुझ्याच फोनवरून लावून दे. हिंदीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

उद्या जेवणाच्या सुटीत जा. वही बाहेर काढू नको. थोरलीच्या हातातला झोळीचा दोर घे आणि तिला जरा खेळायला सोड.

तुझी ताई