नागपुरात किरायाची खोली बघताना

आधी कॉलेज कुठे ते बघ, मग वस्ती. व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजसाठी बजाजनगर, अभ्यंकरनगर, सरकारी मेडिकल कॉलेजसाठी हनुमाननगर, विद्यापीठाच्या अमरावती रोड परिसरासाठी रविनगर, भरतनगर. हिंगणा रोडला शिकणार असशील तर धरमपेठेचा हट्ट सोड, सुभाषनगर ते लोकमान्यनगर मेट्रोच्या आसपास शोध.

खोलीची खरी परीक्षा मे महिन्यात. पारा 45च्या घरात जातो आणि सर्वांत वरच्या मजल्याचा स्लॅब अर्ध्या रात्रीपर्यंत तापलेला राहतो. मधला मजला घे. कूलर खिडकीबाहेर बसतो का आणि समोरून हवा निघायला वाट आहे का, ते बघ. वाट नसेल तर खोली नुसती दमट होते. कूलर पाणीही भरपूर पितो, म्हणून नळ किती वाजता येतो, बोरिंग आहे का, हे घरमालकाला नाही, जुन्या भाडेकरूला विचार. सब-मीटर असेल तर युनिटचा दर आधीच ठरव, नाहीतर उन्हाळ्यात भांडण नक्की.

सकाळी तर्री-पोहे, गर्दीच्या ठेल्यावरच. तर्री, म्हणजे वरचा तिखट रस्सा, वेगळी माग. सावजी रस्सा जबरदस्त तिखट, पहिल्यांदा परीक्षेच्या आदल्या रात्री नको. गोकुळपेठ बाजारात भाजी छान पण महाग. चारपाच जण मिळून पहाटे कॉटन मार्केटच्या ठोक भाजीबाजारात जा.