संगणकाची फार माहिती नसताना ईमेल सुरक्षितपणे आणि कमी वेळात कसा वापरावा?

तुम्ही लिहिलंय की मालवणला घरातल्याच दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली आहे, मुंबईच्या मुलाने जीमेलचं खातं काढून दिलं, आणि आता बुकिंग, बँक, वीजबिल सगळं त्यावरच येतं म्हणून धास्ती वाटते. मी दापोली तालुक्यात हेच काम करते, शिवाय हंगामात हापूसच्या पेट्या पाठवते. ठेच लागून जे कळलं ते सांगते.

ईमेलचा पासवर्ड बँकेच्या पासवर्डपेक्षाही जपा. कुठल्याही साइटवर ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की नवा पासवर्ड ठरवायची लिंक बहुतेक वेळा मेलवरच येते. म्हणजे ज्याच्या हाती तुमचा मेल, त्याच्या हाती बाकीची खातीही. हा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका आणि लांबलचक ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द इंग्रजी अक्षरांत जोडा, पडवी-रविवार-तिरफळ-सायकल असं काहीतरी (हेच नको, तुमचं वेगळं). लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून वही कपाटात ठेवा. लोक याला नावं ठेवतात, पण दूर कुठेतरी बसलेला चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. दहा ठिकाणी एकच पासवर्ड ठेवलात, तर त्यातल्या एका साइटवरून तो चोरीला गेला की बाकी सगळी खाती उघडी.

मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारायची सोय, चालू करा. मग पासवर्ड चोरीला गेला तरी कोडशिवाय कुणाला आत जाता येत नाही. फक्त तो कोड एसएमएसवरच येईल असं ठेवू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस ना वीज होती ना रेंज. एसएमएस येणार कुठून? ऑथेंटिकेटर ॲपमध्ये कोड फोनमध्येच तयार होतो, साधारण दर ३० सेकंदांनी बदलतो आणि त्याला नेटवर्क लागत नाही. शिवाय गूगल १० बॅकअप कोड देतं, प्रत्येक ८ आकड्यांचा आणि एकदाच चालणारा. ते कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. फोन समुद्रात पडला तरी खातं हातात राहील.

आता माझे पैसे कसे गेले ते सांगते. एप्रिलमध्ये पेट्या भरायची घाई होती. पुठ्ठ्याचे बॉक्स देणाऱ्याचा मेल आला: ‘आमचं बँक खातं बदललंय, आगाऊ रक्कम नव्या खात्यात भरा.’ नाव त्याचंच, खाली आमचा आधीचा पत्रव्यवहारही जसाच्या तसा, कारण चोर त्याच्या मेलमध्ये शिरून सगळं वाचत बसला होता. पत्त्यात मात्र इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी होते. फोनच्या छोट्या पडद्यावर ते ‘एम’सारखेच दिसतात. मी पैसे भरले. संध्याकाळी त्याच्याशी सहज बोलताना उलगडा झाला, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, म्हणून निम्मी रक्कम पुढच्या खात्यात अडवता आली. दुसऱ्या दिवसावर ढकललं असतं तर तीही गेली असती. तेव्हापासून खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला की मी आधीपासून वहीत असलेल्या नंबरवर फोन करते. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर कधीच नाही.

पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लावू शकतो, म्हणून नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा आणि ‘ॲट’च्या पुढचा भाग शेवटपासून वाचा. सरकारी पत्ता बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला सांगितलं होतं, तेव्हा तेही पाहा. तरीही बँकेची लिंक मेलमधून उघडू नका, बँकेचं ॲप उघडा. होमस्टेवाल्यांना आणखी एक सापळा लावतात: कुणी लष्करी अधिकारी म्हणून चार दिवसांचं बुकिंग करतो आणि ‘आगाऊ रक्कम मिळवायला हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमचेच जाणार.

झेरॉक्सच्या दुकानात किंवा ई-सेवा केंद्रात प्रिंटसाठी स्वतःचा मेल उघडू नका, तेवढी एक फाइल त्यांच्या पत्त्यावर पाठवा. उघडलाच असेल तर घरी येऊन गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात डिव्हाइसची यादी पाहा आणि ते यंत्र तिथून साइन आउट करा. कुणी आत शिरल्याची शंका आली तर पासवर्ड बदलून थांबू नका. सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. तुमच्या मेलची प्रत गुपचूप स्वतःकडे जाईल अशी सोय चोर तिथेच करून ठेवतो.

वेळेचं म्हणाल तर मी सकाळी चहानंतर आणि संध्याकाळी दिवेलागणीला, असा दोनदाच मेल बघते. बुकिंगला वेगळं लेबल आहे. खेड स्टेशनवरून आमच्याकडे कसं यायचं, जेवणात काय मिळेल, हे एकदा नीट लिहून ठेवलंय, तेच चिकटवते. जुन्या पाहुण्यांना आंब्याची खबर एकदम पाठवताना सगळे पत्ते ‘टू’ऐवजी बीसीसी या रकान्यात घालते, नाहीतर एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसतो. आणि जागेकडे लक्ष ठेवा. फुकटची १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजतात. ती भरली की नवे मेल येणं थांबतं, आणि गणपतीत येणाऱ्या पाहुण्याला वाटतं की तुम्ही उत्तरच देत नाही.

खातं मुलाने काढलंय, म्हणजे रिकव्हरीला (खातं अडकलं तर परत मिळवायला) नंबर त्याचाच असण्याची शक्यता आहे. आज त्याला फोन करून तेवढं विचारा, आणि तुमचाही नंबर त्यात घालून घ्या.