पल्सारचे स्पंद सरकतात का आणि गायब का होतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पल्सार (स्वतःभोवती फिरताना दर फेरीत रेडिओ लहरींचा एक स्पंद पाठवणारे तारे) घड्याळासारखे अचूक म्हणतात, मग बी ०८०९+७४ या पल्सारच्या नोंदीत स्पंद जागचे सरकलेले, मध्येच गायब झालेले का दिसतात? यंत्राचा दोष की वातावरणाचा?

बहुधा दोन्ही नाही. अचूक असतं ते ताऱ्याचं फिरणं. त्यातून येणारा रेडिओ झोत मात्र भलताच लहरी. हजारो स्पंदांची सरासरी काढली की छान ठरलेला आकार मिळतो, आणि नेमका त्यातच हा लहरीपणा पुसला जातो. तेव्हा सरासरी बाजूला ठेवा आणि सुटे स्पंद वहीतल्या ओळींसारखे एकाखाली एक मांडा.

हा पल्सार १.२९ सेकंदांत एक फेरी घेतो. स्पंदाच्या आत बारके उपस्पंद असतात, आणि प्रत्येक ओळीत ते आधीपेक्षा किंचित लवकर येतात. कागदावर तिरके पट्टे उमटतात. साधारण ११ फेऱ्यांनी तेच चित्र पुन्हा. असं सरकणं ड्रेक आणि क्राफ्ट यांनी १९६८ मध्येच टिपलं होतं, पण वेगळ्या पल्सारांत.

१९७५ मध्ये रुडरमन आणि सदरलँड यांनी कारण सुचवलं : ताऱ्याच्या चुंबकीय ध्रुवाभोवती विजेच्या ठिणग्यांचं कडं असतं, एकेका ठिणगीतून एकेक उपस्पंद येतो, आणि ते कडं जत्रेतल्या घोड्यांच्या पाळण्यासारखं हळूहळू फिरतं. गंमत अशी की हा पाळणा आपल्याला ताऱ्याच्या दर फेरीत क्षणभरच दिसतो. मधल्या वेळात घोडा थोडा पुढे गेला की मागचा घोडा त्याच्या जागी आला, हे कसं ओळखायचं? ट्यूबलाइटखाली पंखा उलटा फिरताना दिसतो, तसाच घोळ.

बी ०९४३+१० या पल्सारमध्ये हा घोळ सुटला. त्यात उपस्पंद जवळजवळ एकाआड एक फेरीत उजळतात. जोआना रँकिन आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले अविनाश देशपांडे यांनी अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींत त्याहून संथ असा आणखी एक चढउतार शोधला, आणि हिशेब जुळला : २० ठिणग्या, कड्याची पूर्ण चक्कर ताऱ्याच्या सुमारे ३७ फेऱ्यांत, म्हणजे ४१ सेकंदांत. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात देखणं काम हेच. अर्थात, हे चित्र सगळ्या पल्सारांना लागू पडत नाही.

गायब होण्याचं म्हणाल, तर तो प्रकार बॅकर यांनी १९७० मध्ये मांडला. बी ०८०९+७४ मध्ये स्पंद परतल्यावर सरकण्याचा वेग थोडा वेळ मंदावलेला असतो, तेवढं तुमच्या नोंदीत तपासा. बी १९३१+२४ तर आठवडाभर चालू आणि मग महिनाभर बंद! चालू असताना त्याचं फिरणं बंद असतानापेक्षा सुमारे दीडपट वेगाने मंदावतं. म्हणजे बंद पडतो तो नुसता दिवा नव्हे. ताऱ्याभोवतीच्या विद्युतभारित कणांचा प्रवाहच बदलतो. बी ०९४३+१० ची रेडिओ चमक बदलते तेव्हा त्याचे क्ष-किरणही बदलतात, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या निरीक्षणांत नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण होती.

आता यंत्राची शंका. प्रत्येक ओळीत स्पंद जिथे येतो त्या खिडकीबाहेरचा, रिकामा भाग आधी बघा. तिथेही पट्टे असतील तर ती आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण. मी एकदा अशाच पट्ट्यांवर दोन दिवस हरखून बसलो होतो.