नव्या फोनची बॅटरी आणि खानदेशातील ऊन

प्रश्न : नवा स्मार्टफोन घेतला, तेव्हा दुकानदाराने तो आधी आठ तास चार्ज करण्यास आणि पुढे बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला न लावण्यास सांगितले. दिवसभर फोन माझ्याबरोबर केळीच्या बागेत असतो आणि रात्री मळ्यातील पत्र्याच्या खोलीत चार्जिंगला असतो. बॅटरी जास्त वर्षे टिकावी म्हणून काय करावे?
— एक वाचक, रावेर (जि. जळगाव)

उत्तर : दुकानदाराने सांगितलेले दोन्ही नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातील असून, आपल्या फोनमधील लिथियम-आयन बॅटरीला ते लागू पडत नाहीत. ही बॅटरी १९९१ साली प्रथम बाजारात आली. तिला सुरुवातीच्या आठ तासांच्या चार्जिंगची गरज नसते, आणि वारंवार शून्यापर्यंत उतरवल्यास तिचे आयुष्य उलट कमीच होते. वीस टक्क्यांच्या आसपास चार्जिंगला लावून ऐंशीच्या आसपास काढणे तिला मानवते. वीज मिळेल तेव्हा थोडे थोडे चार्ज केल्यानेही काही बिघडत नाही, कारण दोनदा पन्नास टक्के वापरले तरी हिशेबात चार्जिंगचे एकच पूर्ण चक्र धरले जाते.

आपल्या भागात मात्र टक्केवारीपेक्षा उष्णतेची काळजी अधिक करावी, असे माझे ठाम मत आहे. फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा, असे मोठे उत्पादक सांगतात; मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, आणि उन्हात तापलेल्या पत्र्याखाली किंवा मोटारसायकलच्या हँडलवर लावलेल्या फोनला त्याहूनही जास्त ताप सोसावा लागतो. उष्णतेने बॅटरीतील रासायनिक द्रव आणि इलेक्ट्रोड (बॅटरीची धन व ऋण टोके) यांच्यातील नको असलेल्या क्रिया वेगाने होतात, त्यांत थोडेथोडे लिथियम कायमचे अडकून पडते आणि क्षमता घटते. बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना ही झीज अधिक होते. म्हणूनच तापलेल्या खोलीत फोन रात्रभर पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहणे हानिकारक ठरते. सेटिंगमध्ये ऐंशी टक्क्यांची मर्यादा असल्यास ती लावून ठेवावी, चार्जिंगच्या वेळी फोन गादीवर किंवा उशीखाली न ठेवता कव्हर काढून मोकळ्या हवेत ठेवावा, आणि बागेत तो सावलीतील पिशवीत असू द्यावा. तापलेला फोन फ्रिजमध्ये मात्र कधीही ठेवू नये. आत दव धरून तो बिघडू शकतो.

चार्जर फोनच्या कंपनीचा किंवा बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचे चिन्ह असलेला घ्यावा. त्यावर सामान्यतः १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, म्हणजे विजेचा दाब थोडा कमी झाला तरी तो काम करतो. दाब फार वर-खाली होत असेल, तर तेवढा वेळ प्लग काढून ठेवणे बरे.

सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज कमी असते, तेव्हा टॉवरशी संपर्क टिकवण्यासाठी फोनला अधिक शक्ती खर्चावी लागते आणि तो हातात नसतानाही उतरत राहतो. अशा ठिकाणी इंटरनेटचे काम नसेल, तर डेटा बंद ठेवावा. स्क्रीनचा उजेड कमी ठेवल्यानेही बराच फरक पडतो.

काही वर्षांनी बॅटरी लवकर उतरू लागली, तर अधिकृत केंद्रातून ती बदलून घ्यावी. परंतु फोनची पाठ फुगलेली दिसली, तर तेवढी वाट पाहू नये : चार्जिंग त्याच क्षणी थांबवावे, फोन दाबू किंवा टोचू नये, आणि तो लगेच दुरुस्ती केंद्रात द्यावा.