ब्राउझर अपडेट झाला आणि टोकन ओळखेना: आधी काय तपासायचे

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या ऑफिसात ई-टेंडर आणि कंपन्यांचे फॉर्म भरून द्यायचे काम चालते. चार कॉम्प्युटर, चारही विंडोजचे, सगळ्यांवर क्रोम. सोमवारी सकाळी दोन मशीनवर डिजिटल सहीचे टोकन, म्हणजे सहीचे सर्टिफिकेट ठेवलेले पेनड्राइव्हसारखे उपकरण, ओळखेना. तिसऱ्यावर ब्राउझरची विंडो मधूनच काळी पडू लागली आणि पंखा थांबेना. चौथे मात्र व्यवस्थित. एका टेंडरची मुदत दुपारी तीनची होती. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: अपडेट कायमचे बंद कसे करायचे, आणि न विचारता हे लोक आपल्या मशीनमध्ये ढवळाढवळ का करतात.

दुसऱ्या प्रश्नामागचा तुमचा संताप मला पूर्ण पटतो. मी छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो आणि ऐन मुदतीच्या दिवशी असे फोन मला नेहमी येतात. आदल्या संध्याकाळी चालणारी गोष्ट सकाळी चालत नाही, आणि का चालत नाही हे स्क्रीनवर कुठेही लिहिलेले नसते. तुमच्याकडून काही चुकलेले नाही.

तरीही अपडेट बंद करू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी नावाच्या प्रकारची चित्रे उघडणाऱ्या कोडमध्ये सुरक्षेचे एक भोक सापडले. मुद्दाम बिघडवून बनवलेले चित्र ज्या पानावर आहे, ते पान नुसते उघडले तरी हल्ला होऊ शकत होता, आणि दुरुस्ती येण्याआधीच त्याचा गैरवापर सुरू झालेला होता. क्रोम, एज, फायरफॉक्स, सगळ्यांना धावपळ करून दुरुस्ती पाठवावी लागली. तुमच्या मशीनवर तुमच्या ग्राहकांची सहीची टोकन लावलेली असतात, त्यांचे पासवर्ड असतात. तिथे महिनोन्‌महिने जुना ब्राउझर ठेवणे म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात पडणे आहे. शिवाय बाकीचे बहुतेक अपडेट्स असेच, फक्त भोके बुजवणारे असतात. क्रोम ऑगस्ट २०२३ पासून अशा दुरुस्त्या दर आठवड्याला पाठवू लागला. कामात गोंधळ घालणारा बदल बहुतेक वेळा मोठ्या आवृत्तीबरोबर येतो. पूर्वी ती दर सहा आठवड्यांनी यायची, २०२१ मध्ये ते अंतर चार आठवड्यांवर आले. ओळखायचे कसे? मेनूतल्या ‘हेल्प’मध्ये जाऊन ‘अबाउट’ उघडा. टिंबांनी तोडलेल्या आकड्यांपैकी पहिला आकडा बदलला असेल तर मोठी आवृत्ती. फक्त शेवटचे आकडे बदलले असतील तर ती छोटी दुरुस्ती, आणि मग संशयाची सुई आधी दुसरीकडे वळवा.

चौथे मशीन का वाचले, याचे कारणही तिथेच मिळेल. अपडेट मागे गुपचूप उतरते, पण ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही. त्या मशीनवर कोणी क्रोम बंदच केला नसेल. वर उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांपाशी रंग दिसतो का पाहा: हिरवा म्हणजे अपडेट येऊन दोन दिवसही झाले नाहीत, केशरी म्हणजे साधारण चार दिवस झाले, लाल म्हणजे आठवडा उलटला. दुसरे म्हणजे नवी आवृत्ती सगळ्यांना एकाच दिवशी मिळत नाही, टप्प्याटप्प्याने सोडतात. त्यामुळे एकाच टेबलावरची दोन मशीन वेगवेगळी वागू शकतात. मुदत डोक्यावर असेल तेव्हा चालू असलेल्या मशीनवरचा ब्राउझर बंद न करता आधी काम उरकून घ्या.

आवृत्ती न बदलताही वागणे बदलू शकते, आणि माझा खरा आक्षेप इथे आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये गूगलने क्रोमच्या स्थिर, म्हणजे सगळे वापरतात त्या, आवृत्तीत एक प्रयोग दूरून चालू केला. दुसऱ्या विंडोच्या मागे झाकलेल्या पानांचे काम थांबवून मशीनवरचा भार कमी करायचा, असा हेतू होता. ज्या कंपन्यांत शेकडो कर्मचारी एकाच टर्मिनल सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या एकाच सामायिक मोठ्या कॉम्प्युटरवर, काम करतात, तिथे सगळी पाने पांढरीफटक पडली. तिथल्या आयटीवाल्यांनी काहीही बदललेले नव्हते, म्हणून ते भलतीकडेच शोधत बसले. तक्रारी आल्यावर प्रयोग मागे घेतला गेला. जानेवारी २०२२ मध्ये जगभर फायरफॉक्स गोठला, तेही अपडेटविना. फायरफॉक्स स्वतः ज्या क्लाउड सेवेशी बोलतो, तिथे एचटीटीपी-३ ही माहितीची देवाणघेवाण करण्याची नवी पद्धत सुरू झाली आणि ब्राउझरमध्ये आधीपासून दडलेली चूक उघडी पडली. कामाच्या मशीनवर असे प्रयोग सांगितल्याशिवाय चालवू नयेत, असे मला ठामपणे वाटते. पण निदान करताना यातून घ्यायचे ते इतकेच की ‘काल अपडेट झाले, म्हणून अपडेटच दोषी’ हे दरवेळी खरे नसते. विंडोजची मासिक अपडेट्स अमेरिकेत महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुटतात, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री किंवा बुधवारी सकाळी पोचतात. तुमचा सोमवार त्यात बसत नाही, पण ड्रायव्हर, म्हणजे एखादे उपकरण विंडोजशी जोडून देणारे सॉफ्टवेअर, कधीही बदलू शकतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अपडेट हिस्टरी’ आहे, ती एकदा बघून घ्या, नाहीतर साप सोडून भुई धोपटणे होईल.

आता टोकन. इथे थोडा इतिहास सांगितल्याशिवाय उलगडा होणार नाही. पूर्वी सरकारी पोर्टलवर सही करायला जावा ॲपलेट लागायचे. ते ब्राउझरच्या पोटात प्लगइन म्हणून चालायचे आणि थेट टोकनशी बोलायचे. क्रोमने २०१५ मध्ये हे प्लगइन बंद केले, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये, आणि कित्येक ऑफिसांत केवळ सहीसाठी इंटरनेट एक्स्प्लोरर जपून ठेवला गेला. मग पोर्टलवाल्यांनी दुसरी वाट काढली: तुमच्या मशीनवर एक छोटी युटिलिटी बसवायची, ती मागे चालत राहते, आणि वेबसाइटचे पान ब्राउझरमधून तुमच्याच मशीनच्या अंतर्गत पत्त्यावर तिला निरोप पाठवते, ‘या कागदावर सही कर’. म्हणजे साखळीत चार कड्या झाल्या: टोकन, त्याचा ड्रायव्हर, युटिलिटी, ब्राउझर. पान मात्र चारही वेळा एकच सांगते, ‘टोकन सापडले नाही’.

कड्या याच क्रमाने तपासा. टोकनसोबत आलेले त्याचे स्वतःचे सॉफ्टवेअर उघडा. पिन टाकल्यावर त्यात सर्टिफिकेट दिसले आणि त्याची मुदत संपलेली नसली, तर टोकन आणि ड्रायव्हर ठीक आहेत. पिन अंदाजाने टाकत बसू नका, ठरावीक वेळा चुकली की टोकन लॉक होते आणि मग ब्राउझर दुरुस्त होऊनही उपयोग नाही. नंतर घड्याळाजवळच्या छोट्या चिन्हांत युटिलिटी चालू आहे का ते बघा. नसेल तर ती राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने सुरू करा.

दोन्ही ठीक असतील तर ब्राउझर, आणि तुमच्या दोन मशीनबाबत माझा मोठा संशय इथेच आहे. इंटरनेटवरचे एखादे पान तुमच्या मशीनमधल्या किंवा घरच्या नेटवर्कमधल्या गोष्टींशी परस्पर बोलू शकते, हा धोका होता. म्हणून क्रोमने १४२व्या आवृत्तीपासून, २०२५ च्या अखेरीस, त्यासाठी परवानगी विचारायला सुरुवात केली. पोर्टल उघडताच ॲड्रेस बारखाली छोटी चौकट येते: ही साइट तुमच्या स्थानिक नेटवर्कवरची उपकरणे शोधून जोडू इच्छिते. सकाळच्या घाईत माणूस काय करतो? अनोळखी साइट काहीतरी मागते आहे असे समजून ‘ब्लॉक’ दाबतो. एरवी तसे करणे शहाणपणाचेच आहे. पण तो नकार त्या साइटसाठी कायम लक्षात ठेवला जातो, चौकट पुन्हा येत नाही आणि सही होत नाही. उपाय असा: पोर्टलचे पान उघडे ठेवून ॲड्रेस बारमध्ये पत्त्याच्या डावीकडचे चिन्ह दाबा, साइट सेटिंग्जमध्ये जा, ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी शोधून ‘अलाउ’ करा आणि पान रिफ्रेश करा. फक्त त्याच पोर्टलला द्या, सरसकट सगळ्या साइटना देऊ नका.

त्यानेही जमले नाही तर युटिलिटीची नवी आवृत्ती पोर्टलवरूनच उतरवून बसवा. यातल्या काही युटिलिटी अंतर्गत पत्त्यासाठी स्वतःचे एक सुरक्षा सर्टिफिकेट बसवतात. त्याची मुदत संपली की ब्राउझर तिच्याशी बोलायचे बंद करतो, आणि योगायोगाने त्याच आठवड्यात अपडेट आले असेल तर खापर अपडेटवर फुटते.

इथे पोर्टल चालवणाऱ्यांबद्दलही बोलायला हवे. असे बदल एका रात्रीत येत नाहीत, ब्राउझर बनवणारे ते महिनोन्‌महिने आधी जाहीर करतात. प्लगइन जाणार हे तर दीड-दोन वर्षे आधी सांगितले होते. पोर्टलवर ‘नव्या आवृत्तीत अशी चौकट येईल, तेव्हा परवानगी द्या’ एवढी एक ओळ मराठीत टाकली, तर हजारो लोकांची सकाळ वाचेल. त्याऐवजी ‘ब्राउझरची जुनी आवृत्ती वापरा’ असा सल्ला दिला जातो. सही घेणाऱ्या यंत्रणेने लोकांना असुरक्षित ब्राउझर वापरायला सांगणे मला अक्षम्य वाटते. मुदतीच्या दिवशी भरडला जातो तो फॉर्म भरणारा.

तिसऱ्या मशीनची काळी विंडो आणि पंखा ही वेगळी तक्रार आहे. ब्राउझर पान रंगवायचे काम ग्राफिक्स चिपकडे देतो. नव्या आवृत्तीत ते काम करून घेण्याची पद्धत बदलते आणि मशीनवर जुना ड्रायव्हर असेल तर दोघांचे पटत नाही. मागे एका ऑफिसात हेच पाहिले: विंडो लहान केली की सगळे दिसायचे, मोठी केली की खालचा अर्धा भाग काळा. स्क्रीनशॉट काढला तर त्यात मात्र पान पूर्ण आणि स्वच्छ यायचे! म्हणजे पान नीट तयार होत होते, पडद्यावर नेताना बिघडत होते. सेटिंग्जमधल्या ‘सिस्टिम’ विभागात ‘ग्राफिक्स ॲक्सिलरेशन’ आहे, ते बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. काळेपणा गेला तर दोष तिथेच आहे. मात्र हा तात्पुरता इलाज. मग सगळे काम प्रोसेसरवर पडते आणि व्हिडिओ पाहताना पंखा उलट जास्तच फिरतो. मशीन किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर बसवा आणि सेटिंग पुन्हा चालू करा.

पंख्याचे कारण वेगळेही असू शकते. शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. कोणते पान किंवा कोणते एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी जादा सोय) प्रोसेसर खाते आहे ते त्यात नावानिशी दिसते. शंका आली तर नवे प्रोफाइल, म्हणजे ब्राउझरमधला स्वतंत्र कोरा कप्पा, बनवून त्यात तीच साइट उघडा. तिथे ठीक चालली तर जुन्या प्रोफाइलमधले एखादे एक्स्टेन्शन दोषी आहे. फायरफॉक्समध्ये यासाठी मदत मेनूत ‘ट्रबलशूट मोड’ आहे.

दोन गोष्टी कृपा करून करू नका. घाईघाईत ब्राउझर अनइन्स्टॉल करू नका. त्या वेळी ‘ब्राउझिंग डेटाही काढा’वर टिक राहिली, तर मशीनवरचे बुकमार्क आणि पासवर्ड जातात. आणि कुठल्या तरी साइटवरून जुनी आवृत्ती आणून नव्याच्या जागी बसवू नका. नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुनीला नीट वाचता येत नाही. फायरफॉक्स तर २०१९ पासून असे प्रोफाइल उघडायला नकारच देतो.

पुढच्या महिन्यांसाठी माझा सल्ला: चारही मशीनवर दुसरा ब्राउझर म्हणून फायरफॉक्सची ईएसआर आवृत्ती बसवा. ती मोठ्या संस्थांसाठी काढलेली असली तरी कोणीही फुकट घेऊ शकतो. मोठे बदल वर्षातून साधारण एकदाच येतात, मधल्या काळात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. एज हा पर्याय म्हणून पुरत नाही, कारण २०२० पासून तो क्रोमच्याच क्रोमियम इंजिनवर चालतो. ब्रेव्ह आणि ऑपेराचेही तेच. क्रोममध्ये आलेला बदल थोड्याफार फरकाने तिथेही पोचतो. एजचा उपयोग वेगळा: एखादे जुने पोर्टल अजून इंटरनेट एक्स्प्लोररच मागत असेल तर एजमधला आयई मोड वापरा. मायक्रोसॉफ्टने तो किमान २०२९ पर्यंत ठेवायचे म्हटले आहे. फायरफॉक्सवर सही करून पाहण्याचे काम मात्र निवांत दिवशी करा, कारण त्याची सर्टिफिकेटची यादी वेगळी असते आणि युटिलिटी तिथे पहिल्यांदा अडू शकते.

शिवाय एका मशीनवर क्रोमची बीटा आवृत्ती बसवा. ती नेहमीच्या क्रोमशेजारी वेगळी राहते आणि येऊ घातलेली मोठी आवृत्ती काही आठवडे आधी दाखवते. महिन्यातून एकदा तिच्यात पोर्टल उघडून टोकन ओळखले जाते का, एवढेच पाहायचे. अडले तर पोर्टलच्या हेल्पडेस्कला लिहायला आणि उपाय शोधायला हातात वेळ असतो.

आता तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात: चारही मशीनवरचा आवृत्तीचा पूर्ण आकडा, ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी त्या दोन मशीनवर सध्या काय दाखवते, आणि तिसऱ्या मशीनचे मॉडेल व त्यातल्या ग्राफिक्स ड्रायव्हरची तारीख. टोकनचा पिन किंवा सर्टिफिकेटवरचे नाव दिसेल असा स्क्रीनशॉट इथे टाकू नका.