लोक कुरकुरू लागले

सोलापूर

चि. लेकीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. डाय हाऊसच्या लॅबमध्ये लागून तुला जेमतेम चार महिने झालेत. शेजारचा शेतकरी रंगाच्या सांडपाण्यावरून गेटवर येऊन भांडून गेला, मालक म्हणाले, "रोजचंच आहे," आणि तू मला विचारतेस की बुद्धाने निसर्गाबद्दल काय सांगितलंय, एखादं वचन द्या, नोटीस बोर्डावर लावते.

वचन हवं तर धम्मपदातली 49 वी गाथा घे. भुंगा फुलाचा रंग-गंध न दुखवता रस घेऊन जातो, तसं गावात वागावं. पण माझं ऐकशील तर विनयपिटक उघड. भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ म्हणून लोक त्याला हात लावत नाहीत. तिथे प्रत्येक नियमाआधी तो का करावा लागला याची हकिकत येते, आणि बऱ्याच हकिकतींत तेच एक वाक्य भेटतं : लोक कुरकुरू लागले, चिडले, नावं ठेवू लागले. वर्षावास असाच सुरू झाला. भिक्खू पावसाळ्यातही फिरत, हिरवं गवत तुडवत, बारीक जीव पायाखाली मरत. लोक म्हणाले, पाखरंसुद्धा शेंड्यावर घरटं करून पावसाळ्यात एका जागी राहतात, यांना कळत नाही का? बुद्धाने ती तक्रार खरी मानली आणि तीन महिने एका जागी राहण्याचा नियम केला. तुमच्या गेटवर परवा येऊन गेला तो माणूस हेच सांगत होता.

माझं सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका डाय हाऊसमध्ये डाईंग मास्टर होतो. एका सकाळी मागच्या रानातली बाई विहिरीच्या पाण्याची स्टीलची कळशी घेऊन आली. पाणी गुलाबीसर होतं. मी म्हणालो, "मावशी, हा नुसता रंग आहे, विष नाही." ती म्हणाली, "मग प्या की." मी प्यायलो नाही, आणि मालकांना सांगितलंही नाही. पुढे तिच्या बांधालगतच्या पट्ट्यात ज्वारी उगवेनाशी झाली. माती कोरडी पडली की वर पांढरा थर दिसायचा. तो थर मला अजून आठवतो. तुला पुढचं लिहितोय ते त्यामुळेच.

विनयात पाण्याचे दोन नियम आहेत. जीव असलेलं पाणी जाणूनबुजून वापरायचं नाही, म्हणून भिक्खूजवळ पाणी गाळायचं फडकं असे, आणि वाटेत सोबत्याने मागितलं तर ते नाकारायचं नाही. हा बहुतेकांना माहीत असतो. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आळवी गावचे भिक्खू बांधकाम करत होते. पाण्यात जीव आहेत हे ठाऊक असूनही त्यांनी ते गवतावर, मातीवर ओतलं. त्यावरून नियम झाला. म्हणजे काय प्यायचं एवढ्यावर बुद्ध थांबला नाही, काय ओतायचं हेही त्याने पाहिलं.

आता तुझ्या सांडपाण्याच्या हौदाकडे ये. सुती लडीला रिअ‍ॅक्टिव्ह रंग धरावा म्हणून आपण मीठ आणि सोडा टाकतो. रंग सुतात राहतो, तोही सगळा नाही. मीठ मात्र सगळं पाण्यात उतरतं. चुना आणि हिराकस टाकल्यावर रंग खाली बसतो, पाणी नितळ दिसतं, पण मीठ त्यात विरघळलेलंच असतं. असं पाणी वर्षानुवर्षं मुरलं की रान चोपण, म्हणजे खारावून नापीक होतं. तेव्हा पाणी स्वच्छ दिसतंय असं लॅबच्या वहीत लिहू नकोस. आणखी एक बघ : कामगार मीठ घमेल्याने टाकतो की काट्यावर मोजून? आमच्याकडे घमेल्याने टाकायचे. शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला चालतं का, तेही करून बघ. यासाठी मालकांची परवानगी सहज मिळेल, कारण त्यांचं पाणीही वाचतं.

विनयातल्याच महावग्गातलं चीवराचं, म्हणजे भिक्खूंच्या वस्त्राचं प्रकरण तर तू आपल्या धंद्याचा माणूस म्हणून वाच. मूळ, खोड, साल, पान, फूल, फळ असे सहा प्रकारचे रंग तिथे सांगितलेत. रंग शिजला की नाही हे बघायला त्याचा थेंब पाण्यात किंवा नखावर टाकायचा. मीही लॅबशिवायच्या दिवसांत नखावरच बघायचो! आणि रंगवलेलं चीवर ठिबकायचं थांबेपर्यंत तिथून हलायचं नाही, असंही लिहिलंय.

विनयाच्याच चुल्लवग्ग या भागात राजा उदेनाची हकिकत आहे. त्याच्या राण्यांनी बुद्धाचा शिष्य आनंद याला 500 उत्तरीयं, म्हणजे अंगावर घ्यायची वस्त्रं दिली. राजाला राग आला, एवढ्या कापडाचं हा करणार काय, दुकान टाकणार? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं विरलीत त्यांना वाटीन. मग विरलेल्यांचं? पलंगपोस. जुन्या पलंगपोसांचं? गादीचे अभ्रे. त्यांचं? खाली अंथरायला. मग पायपुसणी, मग धूळ झाडायची फडकी. आणि शेवटी ती फडकी कुटून, चिखलात मळून जमीन सारवायची. तुझी आजी हेच करायची, तिने हे कुठे वाचलं नव्हतं. चादर विरली की गोधडीत, गोधडी फाटली की पायपुसणं, शेवटी चुलीजवळचं पोतेरं. पण ते सूत होतं म्हणून मातीत गेलं. पॉलिस्टर मिसळलेला धागा मातीत जात नाही. नवी चादर, नवा टॉवेल काढताना मालक स्वस्त सूत बघतील, तेव्हा आनंदाचा हा शेवटचा टप्पा त्यांना सांग.

तुझ्या वडिलांच्या उसाचंही लिहिलंयस. तोड झाली की पाचट पेटवणार म्हणतात. अशोकाने राज्याभिषेकाला 26 वर्षं झाल्यावर कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात आहे : "तुसे सजीवे नो झापेतविये". तुस म्हणजे आपलं तूसच, जीव असलेलं तूस जाळू नये. आणि अशोक आपल्याला परका नाही. आपली भीमा पुढे कर्नाटकात सन्नतीला जाते, तिथे त्याचे दुसरे लेख सापडले, आणि जवळच्या कनगनहळ्ळीच्या स्तूपावर "रायो असोको", म्हणजे राजा अशोक, असं नाव कोरलेलं त्याचं शिल्प आहे. वडिलांना मात्र लेख सांगू नकोस. खोडव्यात एका सरीआड एक पाचट दाबून दाखव, मे महिन्यात त्याखाली हात घालायला लाव. ओल त्यांच्या हाताला लागू दे.

रविवारी घरी ये. येताना हौदातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची एक बाटली आण, माझ्याकडे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं टीडीएस मीटर आहे. त्या शेतकऱ्याच्या विहिरीचंही आण, पण त्याला विचारून, आणि त्याला यायचं असेल तर बरोबर घेऊन ये.

तुझा,
काका