लॅबमधला पंखा आधी बंद कर
एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा पंखा लावायचा मोह होतोच. पण बर्नर पेटलेला आणि जंतू वाढवायची प्लेट उघडी असताना तो बंदच ठेव. वाऱ्यानं ज्योत हलते, जंतू उडतात. घामाला कंटाळून अ‍ॅप्रन काढू नकोस. सुतीच घे, सिंथेटिक कापड पेटलं की अंगाला चिकटतं.

टेबल पुसायला ७०% अल्कोहोलच. शुद्ध अल्कोहोल लगेच उडून जातं, शिवाय जंतूंची प्रथिनं मोडायला पाणीही लागतं. टेबल पूर्ण सुकल्यावरच बर्नर पेटव. आमच्या बॅचमधल्या एकीची ओढणी या घाईतच भडकली होती. अजून आठवलं की काटा येतो.

वापरलेल्या प्लेटा १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली ऑटोक्लेव्ह करूनच, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करूनच टाकायच्या. प्लेटांची पिशवी गच्च भरू नकोस, तोंड सैल ठेव, नाहीतर वाफ मध्यापर्यंत पोचत नाही.

पिपेट, म्हणजे द्रव मोजून घ्यायची नळी, तोंडानं कधीच ओढायची नाही. कल्चर (वाढवलेले जंतू) सांडलं तर लपवू नकोस, लगेच मॅडमना सांग.